वाह पेडलचा बायपास बदलला, पण गढूळपणा अर्धाच गेला

पेडल चालू असताना आवाज झकास, बंद केलं की स्पीकरवर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखा. तक्रार एवढीच होती. माझा एक मित्र बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याचं हे वाह पेडल (पायाने फळी हलवली की गिटार 'वाह-वाह' बोलते ते) जुन्या धाटणीचं आहे, आतलं सर्किट साठच्या दशकात ठरलं तसंच: दोन ट्रान्झिस्टर, एक कॉइल, एक पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) आणि मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर. येताना तो इलाजही ठरवूनच आला होता. "याला ट्रू बायपास करून दे. तीन-चार वायरींचं तर काम आहे." ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद केलं की त्याचं सर्किट सिग्नलच्या वाटेतून पूर्ण बाजूला करणं.

पेशंट गोळीचं नाव सांगत आत शिरला की मला आधी नाडी बघावीशी वाटते. मी ती बघितली, पण अर्धीच. पुढचं सगळं लिहायचं कारण तेच आहे.

पहिली चाचणी अगदी साधी होती. गिटारपासून पेडलपर्यंत ३ मीटरची केबल, पेडलपासून ॲम्पपर्यंत ६ मीटरची. पेडल बंद ठेवून एक कॉर्ड वाजवली. मग पेडल मधून काढलं, दोन्ही केबली एका जोडणीने थेट जोडल्या आणि तीच कॉर्ड परत वाजवली. फरक ऐकायला कान टवकारावे लागले नाहीत. पेडल मध्ये असताना खर्ज जसाच्या तसा, पण तारेवर पिक लागतानाचा तो टणत्कार गायब. केबली बदलून पाहिल्या, जॅक हलवून पाहिले, स्विचचे संपर्क मीटरवर तपासले. सगळं ठणठणीत. म्हणजे पेडल बिघडलेलं नव्हतं, ते बनवलंच तसं होतं.

बंद पेडल खरंच बंद असतं का?

खालचं झाकण उघडलं तर स्विचला तीनच पाय. मधला पाय आउटपुट जॅकला. एका बाजूचा पाय सर्किटच्या आउटपुटला, दुसऱ्या बाजूचा थेट इनपुट जॅकला. पेडल बंद केलं की आउटपुट जॅक इनपुट जॅकला जोडला जातो, इथपर्यंत ठीक. पण इनपुट जॅकवरून सर्किटकडे जाणारी वायर कुठेच तुटत नाही. शेजाऱ्याने आपल्या पाइपाला मारलेला जोड तसाच ठेवून फक्त त्याच्या बागेकडे बघायचं बंद करावं, तसा हा बायपास. पाणी जायचं ते जातच राहतं.

१९६७ च्या सुमारास वाह पेडल बाजारात आलं तेव्हा या जोडणीत कुणाला फारसं खटकलं नसावं. गिटार, एक पेडल, ॲम्प, संपली साखळी. एका खांबाचा, म्हणजे एकच वाट बदलणारा, स्विच स्वस्त आणि दणकट. त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही.

आता किती पाणी जातं ते मोजायचं होतं. कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसमधून १ किलोहर्ट्झचा सूर २०० मिलिव्होल्टवर काढला, मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि दुसऱ्या टोकाला इंटरफेसचं गिटार इनपुट, म्हणजे १ मेगाओहम. हा १०० किलोओहमचा रेझिस्टर गिटारच्या जागी. पिकअपचा (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या गिटारमधल्या कॉइलचा) आवाज ज्या पट्टीत सगळ्यात खुलतो तिथे त्याचा इम्पीडन्स, म्हणजे एसी सिग्नलला होणारा अडथळा, साधारण याच घरात असतो. (हे काम साध्या मल्टिमीटरवर करायला जाऊ नका. बरेच मीटर एसी व्होल्टेज काही शे हर्ट्झच्या वर धड दाखवत नाहीत, आणि आपण उगाच पेडलला दोष देत बसतो.)

पेडल नसताना १८२ मिलिव्होल्ट आले. बंद पेडल मध्ये घातलं तर ८२. उलटं गणित केलं की बंद पेडलचा इनपुट इम्पीडन्स निघतो पाऊण लाख ओहम, म्हणजे ७५ किलोओहम. आकडा अनपेक्षित नव्हता. या जातीच्या सर्किटमध्ये इनपुटलाच ६८ किलोओहमचा रेझिस्टर असतो, त्यापलीकडे ट्रान्झिस्टरचा बेस.

पण २०० पैकी किती उरले एवढ्यावरून आवाज गढूळ का होतो ते कळत नाही. आवाज नुसता कमी झाला असता तर ॲम्पचा नॉब फिरवून भागलं असतं. खरी गोम पिकअपमध्ये आहे.

त्याच्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत. अशा पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्री धरू, आणि डीसी रेझिस्टन्स ६ किलोओहम. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. ९ मीटर केबलचे ९००, पिकअपच्या स्वतःच्या गुंडाळीचे १०० धरले की झाले १००० पिकोफॅरड. अडीच हेन्री आणि १००० पिकोफॅरड यांचा मेळ ३.२ किलोहर्ट्झवर बसतो. तिथे पिकअपच्या आवाजाला एक उंचवटा येतो. आपण ज्याला चमक, धार, टणत्कार म्हणतो तो बराचसा हाच उंचवटा.

हा उंचवटा किती टोकदार असेल ते त्याच्यावर किती भार आहे त्यावर ठरतं. गिटारमधला २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट, तेवढाच टोन पॉट आणि ॲम्पचा १ मेगाओहम, सगळे समांतर धरले तर १११ किलोओहम होतात. त्यात बंद वाह पेडलचे ७५ आले की उरतात जेमतेम ४५. गणिताने उंचवटा साधारण पावणेसात डेसिबेल खाली बसतो. खालच्या सुरांवर मात्र काहीच परिणाम नाही, कारण १०० हर्ट्झला पिकअपचा इम्पीडन्स सहा-सात हजार ओहमचाच. त्याला पाऊण लाखाचा भार म्हणजे म्हशीच्या शिंगावर माशी. शिवाय पेडलच्या इनपुटला ०.०१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो, तो खालचे सूर आणखी अडवून धरतो. खर्ज शाबूत, धार गेलेली. मित्राची गोधडी ती हीच.

काय काय करता आलं असतं

एक मार्ग सर्किटच्या तोंडाशी बफर, म्हणजे गिटारवर भार न टाकता सिग्नल पुढे ढकलणारं छोटं सर्किट, बसवण्याचा. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रेझिस्टर, आणि इनपुट इम्पीडन्स पाऊण लाखावरून दहा लाखांच्या घरात. स्विचला हातही लावायचा नाही. दुसरा मार्ग इलेक्ट्रॉनिक स्विचिंगचा. १९७७ साली आलेल्या बॉसच्या छोट्या पेडलांमध्ये हेच असतं: पायाखाली नुसतं बटण, आत दोन ट्रान्झिस्टरांचा फ्लिप-फ्लॉप, आणि सिग्नलची वाट बदलणारे फेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर). त्यात सिग्नल बंद असतानाही बफरमधूनच जातो. तिसरा मार्ग रिलेचा: छोटा लॅचिंग रिले (विजेने फिरणारा स्विच), त्याला चालवणारी एक चिप, आणि टचकन न वाजणारं मऊ बटण. मला रिले आवडतो, पण जुन्या वाहमध्ये तो बसवणं म्हणजे बैलगाडीला पॉवर स्टिअरिंग.

चौथा मार्ग मित्राने सांगितलेला. नऊ पायांचा फूटस्विच, ज्याला सगळे थ्रीपीडीटी म्हणतात. तीन स्वतंत्र खांब, प्रत्येकाला दोन दिशा. पेडल बंद केलं की सर्किट दोन्ही बाजूंनी तोडायचं, म्हणजे गिटारला त्याचा पत्ताच लागणार नाही. तिसरा खांब एलईडीसाठी.

मी हा मार्ग घेतला. त्याला हवा होता, मलाही सोपा वाटला. निर्णय बरोबर होता, पण ज्या कारणाने बरोबर होता ते कारण मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पेडल पाहिलं होतं, मित्राची सगळी पेडलं ज्यावर ओळीने मांडलेली असतात तो बोर्ड नाही.

प्रत्यक्ष काम

जुना स्विच काढणं दोन मिनिटांचं. नवा बसवताना मात्र पहिला स्विच मी वाया घालवला. या स्विचचे पाय प्लास्टिकमध्ये रोवलेले असतात. एका पायावर दोन वायरी आणायच्या म्हणून आयर्न जरा जास्त वेळ टेकवला, पाय किंचित कलला, आणि त्या खांबाचा संपर्क कधी लागे कधी लागेना. दुसऱ्या स्विचला आधी सगळ्या पायांना कथिल चढवून घेतलं, वायरींनाही, आणि मग एकेका पायाला दोन सेकंदांवर आयर्न ठेवला नाही. मध्ये फुंकर मारत थांबायचं, एकाच खांबाच्या तिन्ही पायांना लागोपाठ भाजायचं नाही.

दुसरी सवय: चित्रावर विश्वास ठेवायचा नाही. नऊ पाय चौकोनात असतात. स्विच पाव फेरा फिरवून धरला की चित्रातला उभा खांब आडवा होतो आणि सगळी जोडणी चुकते. मीटर बीपवर ठेवून कोणते तीन पाय एका खांबाचे ते शोधून काढायचं आणि मार्करने रेघ मारायची. प्रत्येक खांबात मधला पाय सामाईक.

मी आधी सगळ्यात रूढ जोडणी केली. पहिल्या खांबाचा मधला पाय इनपुट जॅकला, दुसऱ्याचा आउटपुट जॅकला. एका बाजूचे दोन पाय सर्किटच्या इनपुट आणि आउटपुटला, दुसऱ्या बाजूचे दोन एकमेकांना वायरीच्या तुकड्याने जोडलेले. एलईडीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ९ व्होल्टवर दीड मिलिअँपच्या आसपास करंट. गंमत म्हणजे हे वाह सर्किट एक मिलिअँपच्या आत चालतं. दिवा घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त खातो. बॅटरीवर वाजवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

वाहमध्ये आणखी एक कटकट असते ती बाकीच्या पेडलांत नसते. स्विच पायाखालच्या फळीच्या पुढच्या टोकाखाली असतो. फळी पुढे ढकलत नेली की तीच स्विच दाबते. नवा स्विच जुन्यापेक्षा थोडा वेगळ्या उंचीचा. वर राहिला तर फळी टोकाला नेताच पेडल बंद पडतं, ऐन सोलोत. खाली राहिला तर पाय आपटत बसावं लागतं. वरच्या-खालच्या नटांनी तीन वेळा उंची बदलली, फळीखालचा घासलेला रबराचा तुकडा बदलला, तेव्हा कुठे फळी टोकाला नुसती टेकली तर काही होत नाही आणि वजन टाकलं तर टचकन लागतो, अशी जागा सापडली. सोल्डरिंगपेक्षा याला जास्त वेळ गेला.

झाकण न लावताच चाचणी घेतली. बंद पेडल मध्ये असताना १८२ मिलिव्होल्ट, पेडल काढलं तरी १८२. कॉर्ड वाजवली, धार परत आलेली. पेडल चालू केलं आणि स्पीकरमधून "ठप्प".

तो ठप्प

ट्रू बायपास करणाऱ्या प्रत्येकाला हा भेटतो. कारण एका ओळीत: कॅपॅसिटरचं एक टोक हवेत लटकत राहिलं की त्यावर हळूहळू व्होल्टेज साचतं, आणि स्विच लागताच ते एकदम गिटारच्या वाटेवर रिकामं होतं. बहुतेक जण यावर डोळे मिटून आउटपुटला १ मेगाओहमचा रेझिस्टर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला लावतात. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. या वाहचं आउटपुट त्याच्या स्वतःच्या १०० किलोओहमच्या पॉटमधून आधीच ग्राउंडला बांधलेलं आहे. लटकत होता तो इनपुटचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर. पूर्वी तो कायम गिटारला जोडलेला असायचा, म्हणून पेडल कधी ठप्प करत नव्हतं. त्याची दावण मीच सोडली होती.

मग जोडणी बदलली. पहिल्या खांबाच्या मधल्या पायावर इनपुट जॅकऐवजी सर्किटचं इनपुट आणलं. चालू असताना ते इनपुट जॅकला लागतं, बंद असताना ग्राउंडला. दुसऱ्या खांबाचा मधला पाय आउटपुट जॅकलाच. चालू असताना तो सर्किटच्या आउटपुटला, बंद असताना थेट इनपुट जॅकला. पायांची संख्या तीच, पण बंद असताना सर्किटचं तोंड आता ग्राउंडला बांधलेलं राहतं आणि कॅपॅसिटरवर काही साचत नाही. भरपूर गेनच्या, म्हणजे सिग्नल खूप वाढवणाऱ्या, डिस्टॉर्शन पेडलमध्ये तर मी हीच जोडणी करतो. तिथे सर्किटचं इनपुट मोकळं सोडलं तर बंद पेडलमधूनही स्विचच्या पायांवरून बारीक कुंई ऐकू येऊ शकते.

शिवाय स्विच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना क्षणभर अधांतरी असतो, म्हणून सर्किटच्या इनपुटला २.२ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला. एवढा मोठा रेझिस्टर गिटारला जाणवत नाही. ठप्पचं आता बारीक टिक उरलं, ते स्विचचंच यांत्रिक. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही. झाकण लावलं आणि पेडल देऊन टाकलं.

दुसरी फेरी

दोन आठवड्यांनी तो परत आला. चेहरा अर्धा खूश. "घरी एकदम मस्त वाटतं रे. पण बोर्डवर लावलं की परत तेच. आधीपेक्षा बरं आहे, पण गोधडीच्या जागी चादर." आणि मग त्याने ओव्हरड्राइव्हबद्दल, म्हणजे आवाज थोडा फोडणाऱ्या पेडलबद्दल, एक गोष्ट सांगितली ती सगळ्यात मोलाची होती. "ओव्हरड्राइव्ह अगदी कमी गेनवर चालू ठेवला की आवाज उजळतो. म्हणून मी तो बंदच करत नाही."

मी म्हटलं, बोर्ड घेऊन ये.

बोर्डवर क्रम असा होता: वाह, मग दोन ट्रान्झिस्टरांचा जुन्या पद्धतीचा फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल), मग ओव्हरड्राइव्ह, मग डिले (प्रतिध्वनीचं पेडल). चारही आता ट्रू बायपास. गिटारपासून बोर्डपर्यंत ५ मीटर, बोर्डवर पॅच केबली मिळून २ मीटर, बोर्डपासून ॲम्पपर्यंत १० मीटर. सगळी पेडलं बंद असली की गिटारच्या पिकअपला १७ मीटर केबल एकट्याने ओढायची. १७०० पिकोफॅरड केबलचे आणि १०० पिकअपचे. गणित परत केलं: उंचवटा २.४ किलोहर्ट्झवर. तोच पिकअप ३ मीटर केबलने ॲम्पला लावला तर ५ किलोहर्ट्झवर असतो. वाहचा भार काढल्याने उंचवट्याची उंची परत आली होती, पण त्याची जागा केबलने खाली ओढून ठेवली होती. उंचवटा होता, पण धारेच्या पट्टीत नाही, नाकातल्या आवाजाच्या पट्टीत.

ओव्हरड्राइव्ह चालू केल्यावर आवाज का उजळायचा तेही यातच आलं. चालू पेडलचं आउटपुट लो-इम्पीडन्स असतं. त्याच्या पुढची केबल मग पेडल ओढतं, गिटारवर फक्त अलीकडची सहा-सात मीटर उरते. तो नकळत ओव्हरड्राइव्हचा बफर म्हणून वापर करत होता.

माझी चूक इथे होती. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की याच्या मागेपुढे काय आहे. घरी ९ मीटर केबलवर चाचणी घेऊन मी खूश झालो होतो.

ट्रू बायपास या शब्दाला एक सोवळेपणा चिकटला आहे. बंद असताना मध्ये काहीच नाही, म्हणजे आवाज शुद्ध, अशी समजूत. एक-दोन पेडलं आणि बेताची केबल असेल तर ते खरंही आहे. पण पीट कॉर्निश यांच्यासारखा माणूस, ज्यांनी पिंक फ्लॉइडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्यासाठी बोर्ड बांधले, तो बफरच्या बाजूचा. मोठ्या मंचावर केबल किती लांब पसरते ते त्यांना पुरतं ठाऊक असणार. मध्ये काहीच नाही असं होत नसतं. केबल असतेच.

बफर कुठे बसवायचा

सरळ उत्तर: बोर्डच्या तोंडाशी. पण तिथे फझ आडवा येतो. जुन्या पद्धतीच्या या फझचा इनपुट इम्पीडन्स फार कमी, काही हजार ओहम. तो पिकअपला धरूनच वाजतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ साफ होतो, ही त्याची खुबी गिटार थेट जोडलेली असेल तरच टिकते. त्याच्या आधी बफर आला की आवाज कर्कश होतो आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवून साफ होत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी मी वाहच्या तोंडाशी बफर बसवला असता तर त्याचा फझ बिघडवून ठेवला असता. नशीब म्हणायचं.

म्हणून बफर फझ आणि ओव्हरड्राइव्ह यांच्या मध्ये. टीएल०७२ या ऑप-ॲम्प चिपचा अर्धा भाग, इनपुटला १ मेगाओहम, छोट्या डबीत, स्विच नाही, कायम चालू. आता सगळं बंद असताना गिटारवर ५ मीटर केबल आणि मीटरभर पॅच उरते. उंचवटा ३.८ किलोहर्ट्झवर. पुढची अकरा मीटर बफर ओढतो.

इतकं झाल्यावर तो म्हणाला, "आता आलोच आहे तर एक विचारू? वाह आणि फझ एकदम चालू केले की वाह मरतो. कधी कधी शिट्टी पण मारतो. हे पहिल्यापासून आहे, मला वाटलं असंच असतं."

असंच असतं, खरं तर. वाहचं आउटपुट वीसेक हजार ओहमच्या आसपासचं, आणि समोर काही हजार ओहमचा फझ. वाहचा पॉट म्हणजे त्याच्या फीडबॅकचा लगाम. फझ तो लगामच खाली खेचतो आणि फळी कितीही हलवा, आवाज जागचा हलत नाही. फझ आधी आणि वाह नंतर ठेवला तर प्रश्न मिटतो, पण त्याला क्रम बदलायचा नव्हता.

इथे मात्र ट्रू बायपासचा खरा फायदा मिळाला. वाहच्या आत, सर्किटचं आउटपुट आणि स्विच यांच्या मध्ये, एका जेफेटचा (फेटचाच एक प्रकार) बफर बसवला. गेटला साडेचार व्होल्ट १ मेगाओहममधून, सोर्सला १० किलोओहम, बाहेर १ मायक्रोफॅरड. वाह चालू असेल तेव्हाच हा बफर वाटेत येतो. वाह बंद केला की गिटार आणि फझ यांच्या मध्ये पुन्हा काही नाही. जुन्या तीन पायांच्या स्विचवर सर्किट गिटारला कायम लटकलेलंच राहिलं असतं. बफरच्या पुढे मालिकेत ५० किलोओहमचा छोटा प्रीसेट लावला, कारण फझला फार मऊ स्रोत मिळाला तरी तो किंचाळतो. वाजवत वाजवत स्क्रूड्रायव्हरने फिरवला, त्याने मान डोलावली तिथे थांबलो. मोजलं नाही.

आणि झाकण लावायच्या आधी पाय ठेवला तर, ठप्प. बफरच्या बाहेरचा १ मायक्रोफॅरड आता हवेत लटकत होता. आउटपुटला पूर्वी पॉटची दावण होती, ती मी मध्ये बफर घालून तोडली होती. १०० किलोओहम ग्राउंडला लावला आणि गेला. दोन आठवड्यांत एकाच पेडलमध्ये तोच ठप्प दोनदा, एकदा इनपुटला, एकदा आउटपुटला.

बोर्ड पूर्ण जोडून त्याने तासभर वाजवलं. ॲम्पवरचा ट्रेबल पूर्वी आठवर असायचा, तो पाचवर आणला. ओव्हरड्राइव्ह पहिल्यांदाच बंद केला.

महिन्याभराने त्याचा फोन आला. सगळं छान आहे, पण एका संथ गाण्यात त्याला तो जुना गढूळ आवाज हवा होता. त्या गाण्याची सवयच तशी पडली होती. "पेडलमध्ये एक छोटा स्विच टाकून जुनं कनेक्शन परत आणता येईल का?" ७५ किलोओहमचा भार परत लावायचा, एवढंच तर काम. मी हो म्हणणार होतो. मग लक्षात आलं की गिटारच्या टोन पॉटमध्ये तोच रेझिस्टर आधीच आहे. वरच्या सुरांना टोनचा कॅपॅसिटर नसल्यासारखाच असतो, दिसतो तो फक्त पॉट. २५० किलोओहम आणि ७५ किलोओहम समांतर म्हणजे ५८. गिटार आणायला सांगितली, मीटर लावला आणि टोनचा नॉब ५८ किलोओहम येईपर्यंत फिरवला. सहाच्या जरा पुढे आला. तिथे नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. त्याने ते गाणं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "जवळपास तेच."